लिस्बन, पाच गोंयकार आणि पेरूचं सॅलड

आधी एक गोष्ट सांगून टाकते, लिस्बनमध्ये टेबलावर बसल्या बसल्या, काही मागवायच्या आधीच, कोणी पाव, ऑलिव्ह, चीजची चकती आणि माशाच्या पेस्टच्या पिटुकल्या डब्या आणून ठेवल्या तर ते फुकट नसतं. आम्हाला वाटलं काय छान पाहुणचार, आपल्याकडे नाही का बसल्यावर कांदा-लिंबू येतं तसं, आणि विमानातल्या त्या रबरी जेवणानंतर पाचही जण तुटून पडलो. बिल आल्यावर कळलं की पाव माणशी वेगळा, ऑलिव्ह वेगळे, आणि चीजचे नऊ युरो. युरो शंभर रुपये धरून हिशेब केलात तर कळेल चेहरे कसे झाले असतील.

याला तिथे कुव्हेर म्हणतात. ही फसवणूक नाहीये बरं का, तिथली जुनी पद्धतच आहे, स्थानिक लोकांनाही तसंच आणून ठेवतात. खाल्लं तर पैसे, हात लावला नाही तर नाही. नको असेल तर हसून "नांव, ओब्रिगादा" म्हणायचं (पुरुषांनी ओब्रिगादु) आणि ताटली परत पाठवायची, कोणाला राग येत नाही. आमची तक्रार वेगळी होती. आमच्यातला एक जण अकाउंट्सवाला, तो जत्रेत खाज्याच्या पुडीचंसुद्धा बिल मागेल असा माणूस, त्याने चष्मा लावून बिल वाचलं आणि त्यात दुसरी एक चीजची आणि हॅमची प्लेट होती जी आम्ही आल्या आल्याच परत दिली होती. वेटर म्हणे दिली म्हणजे लागली. मग आमच्या ह्या बाबाने अगदी शांतपणे विचारलं, लिव्रु द रेक्लामासोंइश आहे का?

हे लक्षात ठेवा, कामाची चीज आहे. पोर्तुगालमध्ये प्रत्येक हॉटेल-दुकानात तक्रारवही ठेवावीच लागते, कायदाच आहे, दारात तशी पाटी पण असते, आणि गिऱ्हाइकाने मागितली की द्यावी लागते, लिहिलेल्या तक्रारीची एक प्रत गिऱ्हाइकाला मिळते आणि एक सरकारी खात्याकडे जाते. वहीचं नाव काढल्यावर मॅनेजर स्वतः आला, दोन मिनिटांत नवीन बिल, तेवीस युरो कमी. वही काही आली नाही पण काम झालं. हॉटेलचं नाव देत नाही, पण प्रकार सांगते, म्हणजे ओळखाल: बायशा भागातल्या टुरिस्ट गल्लीत, बाहेर फोटोंचा मेनू, आणि एक माणूस रस्त्यात उभा राहून "इंडिया? नमस्ते!" करून आत ओढणारा. ओढून नेतात तिथे जेवू नये, हे कळंगुटला इतकी वर्षं बघून पण आम्हाला सुचलं नाही याचीच लाज वाटते.

आता मुळात लिस्बन का, तर ग्रुपमध्ये दोन वर्षं थायलंड की व्हिएतनाम चालू होतं आणि शेवटी कोणीतरी वैतागून म्हणालं की साडेचारशे वर्षं ते आपल्याकडे येऊन राहिले, आपण पाच दिवस जाऊन येऊया. गोव्यातून डायरेक्ट फ्लाइट नाही, आखातात कुठेतरी बदलावं लागतं. व्हिसा शेंगेन, फी नव्वद युरो, आणि कागदपत्रांचा गठ्ठा. आमच्या पाचातल्या कोणाच्याच घरी पोर्तुगीज पासपोर्ट नाही. मडगावची मैत्रीण म्हणते तिच्या वाड्यावरचे अर्धे लोक त्याच पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला जाऊन बसलेत, आणि लिस्बनला बघायला म्हणून जाणारे आम्हीच पहिले.

जूनमध्ये गेलो. इथे पाऊस धरला होता, तिथे रात्री नऊला सूर्य मावळतो, त्यामुळे पोटाला कळेचना की चहाची वेळ आहे की जेवणाची.

घर भाड्याने घेतलं होतं, मालकीणबाई साधारण माझ्या आजीच्या वयाच्या, इंग्रजी शून्य. तीन मजले लाकडी जिना चढवून त्यांनी हातात किल्ली हलवत सांगितलं "शाव्ह, शाव्ह". चावी! मग जे सुरू झालं ते पाचही दिवस थांबलं नाही. खिडकी दाखवली तर जनेला, आमच्या आजीच्या तोंडात अजून जनेल आहे. बादली बाल्द, साबण साबांव, टेबल मेझा. बाई एक एक वस्तू दाखवतायत आणि आम्ही आधीच नाव सांगतोय, त्यांना वाटलं आम्ही शिकून आलोय. मेनूकार्डातही तेच, बटाटा म्हणजे बाताता, कोबी म्हणजे कोव्ह, काजू तर काजूच. डिचोलीच्या बाजारात जे बोलतो त्याचे मालक इथे बसलेत असं काहीतरी.

पण ह्याच आगाऊपणात आमचा शिवराक मित्र फसला. (शिवराक म्हणजे शाकाहारी, गोव्याबाहेरच्यांसाठी.) बिचारा पहिल्या दिवसापासून ब्रेड-बटरवर, सूप मागवलं तर काल्दु व्हेर्द, छान हिरवं पालेभाजीचं, आणि मधोमध शोरिसोची (डुकराच्या सॉसेजची) चकती तरंगतेय. तर दुसऱ्या दिवशी त्याने कार्डात स्वतः शोधून काढलं: सालादा द पेरू. खूश! पेरूचं सॅलड, वर मीठ-मिरपूड असेल, बास. आम्ही पण हो म्हटलं, सगळेच शब्दपंडित झालेलो ना. प्लेट आली तर पानांवर भाजलेल्या मांसाचे पांढरे काप. पोर्तुगीजमध्ये पेरू म्हणजे टर्की पक्षी! आणि आपला पेरू ज्या शब्दावरून आला तो पेरा, तो त्यांच्याकडे नासपती. मागवला पेरू, आला पक्षी, आणि ती प्लेट शेवटी आमच्यातल्या वास्कोवाल्याने (गोव्यातल्या वास्को शहरातला तो) संपवली.

शिवराक लोकांसाठी तोडगा सापडला तो असा. पैशिन्युश दा ओर्ता नावाचा पदार्थ असतो, अर्थ बागेतले छोटे मासे. नाव मासे, पण आहेत फरसबीच्या शेंगा, पिठात बुडवून तळलेल्या. म्हणजे भजी हो, सरळ भजी! हाच प्रकार इथल्या लोकांनी जपानला नेला आणि तिथे त्याची टेम्पुरा झाली असं मानतात. आमच्या मित्राने एकदम दोन प्लेट मागवल्या आणि बॅगेतून आईने दिलेल्या मिस्कुटाची (आपलं कैरीचं लोणचं) बाटली काढली. वेटरने वास घेतला, बोटाने चाखलं, आणि मागे किचनमध्ये घेऊन गेला. बाटली परत आली तेव्हा बोटभर कमी होती.

मिरचीवरून आठवलं. आम्हा हिंदुस्थानाला मिरची आणून दिली कोणी, ह्यांनीच, आणि स्वतः मात्र मीठ, लसूण आणि ऑलिव्ह तेलावर भागवतात. पिरी-पिरी मागितलं तर तेलाची बाटली देतात, थेंब थेंब टाकायचं. पहिले दोन दिवस सगळंच अळणी वाटलं, खोटं कशाला बोला. तिसऱ्या दिवशी जिभेला कळायला लागलं की मासा ताजा असेल तर मसाला लपवायला काहीच नाहीये त्यांना. तरी बाकल्याववर माझं मत काही बदललं नाही. बाकल्याव म्हणजे खारवलेला सुका कॉड, देशाचं दैवत, ३६५ दिवसांना ३६५ पाककृती म्हणतात, आणि गंमत म्हणजे तो मासा त्यांच्या समुद्रात मिळतच नाही, नॉर्वे-आइसलंडकडून येतो. आपण पावसाच्या आधी पुरुमेंताला सुकं भरतो, सुंगटं, बांगडे, ते आपलं समजू शकते, पण नदी दारात आणि समुद्र अर्ध्या तासावर असताना? बाकल्याव आ ब्राश मात्र खा, किसलेला मासा, कांदा, काडीसारखे तळलेले बटाटे आणि अंडं एकत्र परतून, भुर्जीच आहे एक प्रकारची. बाकीचे तीनशे चौसष्ट तुम्ही बघा.

आता खरं जेवलो कुठे ते सांगते. बायशा सोडून चढावरच्या गल्ल्यांत शिरलं की ताश्का नावाच्या छोट्या खाणावळी लागतात. सहा-सात टेबलं, कोपऱ्यात टीव्हीवर फुटबॉल, टेबलावर कागद अंथरलेला. मेनू हाताने लिहून दारात चिकटवलेला, रोज वेगळा, प्रातु दु दिया, म्हणजे आजचं ताट. आम्हाला मिळाली ती आमच्या घराच्या खालच्याच गल्लीत, नवरा गल्ल्यावर, बायको चुलीशी, वाढायला एक पोरगा. सूप, मासा किंवा मांस, बटाटे-भात दोन्ही (हो, दोन्ही, एकाच ताटात, मला फार आवडलं हे), एक ग्लास वाईन किंवा पाणी, शेवटी बिका म्हणजे कडक कॉफीचा घोट, सगळं मिळून अकरा युरो. त्या टुरिस्ट गल्लीत एवढ्यात पाव आणि ऑलिव्ह होतात.

इथे दुसरी चूक केली ती म्हणजे प्रत्येकी एक डोस मागवला. डोस म्हणजे पूर्ण वाढप, दोन माणसं आरामात जेवतात. मैया डोस म्हणजे अर्धं, एका माणसाला भरपूर. पाच जणांसाठी पाच डोस सांगितल्यावर त्या बाईंनी चुलीवरून डोकं बाहेर काढून आम्हाला नीट बघितलं, नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या आणि तीनच पाठवले. तेही उरलं. बिल कागदावरच, टेबलावर अंथरलेल्या त्याच कागदावर, बॉलपेनने आकडे एकाखाली एक, खाली रेघ, बेरीज, आणि कोपरा टरकन फाडून हातात. आमच्या अकाउंट्सवाल्याने तो कोपरा पाकिटात घालून आणलाय, म्हणतो असं स्वच्छ बिल आयुष्यात बघितलं नाही.

त्या ताश्काला पाचपैकी पाच. पाऊण वाजायच्या आत जा, एक वाजता ऑफिसवाले येतात आणि टेबल मिळत नाही, तीनला चूल बंद, मग संध्याकाळी साडेसातपर्यंत काही नाही. आपल्याकडे दुपारी दुकानं बंद करतात त्याला मुंबईचे लोक हसतात ना, हे बघा, मूळ इथे आहे.

तारखा मुद्दाम अशा धरल्या होत्या की १२ जूनची रात्र मिळावी. १३ जूनला सांत आंतोनचं फेस्त, हा संत जन्माने लिस्बनचाच, त्यामुळे आदल्या रात्री अख्खं गाव रस्त्यावर. आपल्याकडे शिवोलीचं चर्च ह्याच संताचं, सांजांव (सेंट जॉनचं फेस्त) दहा-अकरा दिवसांनी, त्यामुळे माहोल ओळखीचा. आल्फामाच्या गल्ल्या म्हणजे पणजीचं फोंताइन्यस पण उभं केलेलं, एका घराच्या खिडकीतून दुसऱ्या घराचं छप्पर, आणि त्या रात्री प्रत्येक दारात शेगडी आणि शेगडीवर सार्डिन. सार्डिन म्हणजे आपल्या तारल्या, जातभाईच! आमच्याकडे तारल्या फार आल्या की माडाच्या मुळात खत म्हणून घालायचे, आणि इथे मी तीन युरो मोजून एक तारली घेतली, एक, जाड मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेली, पावाच्या जाड तुकड्यावर आडवी ठेवून. काटे हातानेच काढायचे, तेल पावात उतरतं, मासा संपल्यावर तो पाव खायचा. तो पाव! मी त्या रात्री पाच तारल्या खाल्ल्या, म्हणजे दीड हजार रुपयांच्या, आईला अजून आकडा सांगितलेला नाही.

त्याच रात्री दारोदारी छोट्या कुंड्या विकायला असतात, मांजेरिकु म्हणतात, बारीक पानांची सब्जासारखी गोल झुडपं, वर कागदाचं फूल आणि दोन-चार ओळींची कविता लिहिलेली चिठ्ठी. मडगावच्या मैत्रिणीने एक घेतली आणि सरळ नाक खुपसलं तर विकणारी बाई किंचाळलीच. त्याचा वास तसा घ्यायचा नसतो, नाकाने घेतला तर झाड मरतं असं मानतात. तळहात वरून हलकेच फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. संध्याकाळी तुळशीची पानं तोडू नये म्हणून आजीने माझ्या हातावर मारलेली चापट मला तिथे आठवली. कुंडी विमानात नेता येणार नव्हती, मालकीणबाईंना दिली.

बेलेंला आमच्या वास्कोवाल्याचा दिवस होता. त्याने निघायच्या आधीच जाहीर केलं होतं की आपल्या गावाच्या माणसाला भेटल्याशिवाय परत जायचं नाही. सोमवारी गेलो तर जेरोनिमोस मठ बंद. सोमवारी तिथे सुट्टी असते, आम्ही सोमवारी मासे खात नाही तसं त्यांनी मठ ठेवलाय. मंगळवारी परत. मठाच्या आतल्या अंगणाला तिकीट आहे आणि रांग मोठी, पण चर्चमध्ये फुकट जाता येतं, आणि आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाचं दगडी थडगं, उजवीकडे कवी कामोंइशचं, जो स्वतः गोव्यात काही वर्षं राहून गेला. वास्को मेला कोचीला १५२४ मध्ये, अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या, आणि ह्या चर्चमध्ये त्या आल्या १८८० मध्ये. आमचा मित्र थडग्यासमोर उभा राहून म्हणतो, "बाबा, तुझ्या नावाच्या स्टेशनवर प्लॅटफॉर्मचं छप्पर गळतंय." बाजूचा एक जर्मन का कोण, हळहळून मान हलवून गेला, त्याला वाटलं हा प्रार्थना करतोय. बाहेर जवळच आफोंसु द आल्बुकेर्कचा चौक, उंच खांबावर पुतळा. १५१० मध्ये गोवा घेतला तो हा. आपण त्याचा पुतळा जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये ठेवलाय, इथे तो अजून नदीकडे बघत उभा आहे. राग आला का म्हणाल तर तसा नाही, पण फोटो काढावासाही कोणाला वाटला नाही, पाच जणांत एकानेही नाही.

फोटो काढले ते पास्तेलचे. पाश्तेइश द बेलें, १८३७ पासूनचं दुकान, आणि बाहेरची लांब रांग ही पार्सलची असते हे कोणी सांगत नाही. सरळ आत जा, निळ्या टाइल्सच्या एकामागून एक खोल्या आहेत, जागा मिळते. गरम येतात, वर दालचिनी आणि पिठीसाखर आपणच भुरभुरायची. कवच इतकं पातळ की चावताना आवाज येतो, आणि आत अंड्याचं कस्टर्ड, वरून जागोजागी काळं डागलेलं, ते डाग म्हणजेच चव. पणजीत हल्ली नाता मिळतात, मी आवडीने खाते, पण ते फ्रिजमधून येतात. इथे बोट भाजलं. प्रत्येकी दोन सांगितले होते, मग अजून दोन दोन. शिवराक मित्राने आधी विचारलं अंडं आहे का, मग म्हणाला मला ऐकू आलं नाही.

सिंत्रा एका दिवसात झालं, रोसियु स्टेशनवरून ट्रेन चाळीस मिनिटं. राजवाड्याचं तिकीट वेळेचं असतं, ते घरूनच काढा, आणि वर चढताना धुकं असेल तर काही दिसणार नाही, आम्हाला दिसलं नाही. खाली येऊन त्राव्हसेइरु खाल्ला, बदामाचं सारण भरलेली उशी, दिवस वसूल. २८ नंबरची पिवळी ट्राम सकाळी आठच्या आधी नाहीतर विसरा, खिसा पुढे धरून उभं राहायचं. आणि चप्पल घालून जाऊ नका, फुटपाथ सगळे गुळगुळीत काळ्या-पांढऱ्या दगडांचे, उतारावर मी दोनदा बसले, जूनमध्ये, कोरड्या दगडावर.

शेवटची रात्र फादोची, म्हणजे त्यांच्या पारंपरिक गाण्याची. आल्फामातल्या एका छोट्या घरात, माणशी तीस युरोचं खावं-प्यावं लागतं अशी अट, जेवण ठीकठाकच, गाणं ऐकायला जायचं. दिवे मंद करतात, वेटर हातातल्या प्लेटी घेऊन जिथे असेल तिथे थांबतो, चमचा वाजवायचा नाही. एक गिटार बारा तारांची, एक साधी, आणि काळी शाल घेतलेली बाई, माइक नाही. शब्द एक कळत नव्हता पण तिने एक सूर असा लांबवला, वर नेला आणि मग हळूच सोडला की आमच्या अकाउंट्सवाल्याच्या तोंडून निघून गेलं, "वाह! क्या बात है!" मोठ्याने. नाट्यसंगीताच्या बैठकीत वाढलेला माणूस, सवय. सगळी खोली वळून बघायला लागली, वेटरने ओठावर बोट ठेवलं, ह्याला वाटलं आता बाहेर काढतात. गाणं संपलं तेव्हा मागच्या टेबलावरचा एक म्हातारा ओरडला, "आ, फादिश्ता!" ही त्यांची दाद, पण गाणं संपताना द्यायची, मध्ये नाही. ती बाई टेबलांमधून जाताना आमच्याकडे थांबली आणि तिने विचारलं तू काय म्हणालास. ह्याने परत म्हणून दाखवलं. तिने दोनदा म्हणून बघितलं, "क्या बात".

निघताना एअरपोर्टला जायच्या आधी त्या सर्कशीसारख्या सजवलेल्या डबाबंद माशांच्या दुकानातून सार्डिनचे दोन डबे घेतले, घरी काहीतरी न्यायला हवं ना. आठ युरोला एक. आईने डबा उलटसुलट करून बघितला, म्हणाली, "तारल्यो? पोर्तुगालासून तारल्यो हाडल्यो?" मग तेल निथळलं, दोन तिरफळं ठेचली, सोलं, कांदा आणि चार हिरव्या मिरच्या घालून कढईत सुकं केलं. बाबांना काही सांगितलं नव्हतं, ते जेवता जेवता विचारत होते की पावसात तारल्या कुठून मिळाल्या, आणि मीठ जरा जास्त झालंय. दुसरा डबा अजून फडताळात आहे, दर्शनी, चहाच्या कपांच्या मागे टेकवून ठेवलेला.